तमाम संबंधितांस कळविण्यात येते की…

मोठ्या संस्थांच्या कारभारासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला व्यवसायात एंटरप्राइझ सॉफ्टवेअर असे भारदस्त नाव आहे, आणि त्याचे पहिले लक्षण असे की त्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या ओळींपेक्षा काम झाल्याचे इतरांना कळवणाऱ्या ओळी अधिक असतात. विमा कंपनीच्या प्रणालीत एखादी पॉलिसी मंजूर होते तेव्हा मंजुरीचे मूळ काम डेटाबेसच्या एका रकान्यात ‘मंजूर’ असे लिहिण्यापुरतेच असते; परंतु ही वार्ता कळताच कोणी ग्राहकाला एसएमएस पाठवतो, कोणी पीडीएफ तयार करतो, कोणी एजंटचे कमिशन मांडतो, कोणी लेखापरीक्षणासाठी नोंद ठेवतो, आणि मार्केटिंगचा कोणी एक, ज्याने आत्ताच विमा उतरवला त्याच ग्राहकाला विम्याचे महत्त्व पटवून देणारा ईमेल धाडतो. या वार्तेला इव्हेंट म्हणतात. ती ऐकून कामाला लागणाऱ्या मेथडला, म्हणजे स्वतंत्र नाव दिलेल्या सूचनांच्या गठ्ठ्याला, ऑब्झर्व्हर मेथड म्हणतात. आणि वार्ता देणाऱ्याने ऐकणाऱ्यांचे काम पुरे होण्याची वाट न पाहता पुढे निघून जाणे, याला असिंक्रोनस हाताळणी म्हणतात. कळवून मोकळे होण्याची कला मनुष्यजातीला पुरातन काळापासून अवगत असली, तरी जावा भाषेतल्या या ऑब्झर्व्हर मेथडांच्या बाबतीत तिला अधिकृत परवानगी मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

मूळ कल्पना अर्थातच त्याहून जुनी आहे. एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांनी १९९४ मध्ये ‘डिझाइन पॅटर्न्स’ हा ग्रंथ सिद्ध केला, त्यात सॉफ्टवेअर रचनेच्या तेवीस रीती सांगितल्या, आणि त्यांपैकी एका रीतीला ऑब्झर्व्हर असे नाव दिले. या चौघांना पुढे चीनच्या राजकारणातील कुप्रसिद्ध चौकडीच्या नावाने ओळखले जाऊ लागले, हा त्यांच्या विद्वत्तेचा अपमान समजावा की गौरव, हे मुलाखतीत त्या तेवीस रीतींची घोकंपट्टी करून गेलेल्या उमेदवारांनाच विचारलेले बरे. जावानेही १९९६ मधील आपल्या पहिल्याच आवृत्तीत ऑब्झर्व्हर आणि ऑब्झर्व्हेबल अशी जोडी सामील केली होती. तिची एक खोड अशी की ‘सर्वांना कळवा’ ही मेथड बोलावण्यापूर्वी ‘बदल झाला आहे’ अशी नोंद करणारी दुसरी मेथड बोलवावी लागे. ती बोलवायची राहिली तर कळवण्याची मेथड कसलीही कुरकूर न करता, कोणालाही काहीही न कळवता परत येई. या क्षेत्रातील मौनाची परंपरा अशी पहिल्या दिवसापासूनची आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ ने या जोडीवर ‘यापुढे वापरू नये’ असा शिक्का मारला, आणि त्याच महिन्यात जाहीर झालेल्या जावा ईई ८ मध्ये, म्हणजे जावाच्या एंटरप्राइझ आवृत्तीत, असिंक्रोनस ऑब्झर्व्हर दाखल झाले. एका दाराने म्हाताऱ्या ऑब्झर्व्हरला निरोप आणि दुसऱ्या दाराने तरुण ऑब्झर्व्हरचे स्वागत, हा योगायोग कोणी ठरवून घडवला असता तर तो इतका वेळेवर घडला नसता.

ऑब्झर्व्हर रीतीचा आत्मा असा की वार्ता देणाऱ्याला ऐकणाऱ्यांची नावेगावे ठाऊक नसतात आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात छापली जाणारी जाहीर नोटीस हे याचे नमुनेदार उदाहरण होय. अमुक गट नंबरची मिळकत आमचे अशील खरेदी करीत असून तीवर कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास त्याने इतक्या दिवसांत कागदपत्रांनिशी कळवावे, असे वकील तमाम जनतेस कळवतो. तमाम जनतेपैकी ती कोणी वाचली याची त्याला चिंता नसते, आणि मुदत संपताच सर्वांनी आपले हक्क सोडून दिले असे गृहीत धरून तो पुढच्या अशिलाकडे वळतो. नोटीस देणे हे त्याचे काम होते आणि ते त्याने चोख बजावलेले असते. ज्या चुलतभावाचा त्या मिळकतीत खरोखर हिस्सा होता, तो त्या दिवशी दुसरे वर्तमानपत्र वाचत होता, ही बाब नोटिशीच्या कक्षेत येत नाही.

एंटरप्राइझ जावात या नोटिशीची व्यवस्था सीडीआय नावाच्या मानकाने लावून दिली. हे मानक गॅव्हिन किंग यांच्या पुढाकाराने तयार झाले आणि डिसेंबर २००९ मध्ये जावा ईई ६ बरोबर प्रसिद्ध झाले. त्यातील योजना दिसायला अत्यंत साधी आहे. मेथडच्या एका पॅरामीटरवर, म्हणजे मेथडला बाहेरून मिळणाऱ्या मूल्यावर, ‘ऑब्झर्व्ह्ज’ हे अॅनोटेशन, म्हणजे कंटेनरने वाचायची एक खूण, लावले की काम झाले. कंटेनर, म्हणजे वस्तू निर्माण करण्यापासून त्यांची विल्हेवाट लावण्यापर्यंत सर्व व्यवस्था पाहणारा कारभारी, सुरुवातीलाच सगळा कोड धुंडाळून अशा मेथडांची यादी करून ठेवतो आणि त्या प्रकारचा इव्हेंट येताच त्यांना एकेक करून बोलावतो. मेथड प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्यांना वर्ज्य, असली तरी तिची सुटका नाही. ज्या वस्तूची ती मेथड आहे ती वस्तू अजून जन्मलीच नसेल तर कंटेनर खास ही वार्ता ऐकवण्यासाठी तिला जन्माला घालतो. हा जुलूम नको असल्यास ‘अस्तित्वात असेन तरच कळवावे’ अशी अट घालण्याची सोयही मानकाने ठेवली आहे, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या अधिकाऱ्यांना ती विशेष पसंत पडावी. उलट स्वभावाचेही लोक असतात. पॅरामीटरचा प्रकार ‘ऑब्जेक्ट’ असा ठेवला, म्हणजे जावातील प्रत्येक वस्तूचा जो आदिपुरुष त्याचेच नाव लिहिले, तर ती मेथड अशा रीतीने धाडलेला प्रत्येक इव्हेंट ऐकते, मग तो तिच्या उपयोगाचा असो वा नसो. अशी एखादी मेथड बहुतेक जुन्या प्रणालींत सापडते. ती कोणीतरी डीबगिंगसाठी, म्हणजे दोष शोधण्यासाठी, दोन दिवसांपुरती लिहिलेली असते, आणि ती काढून टाकल्यास काय होईल याची खात्री नसल्यामुळे तिला पुढे बढती मिळत जाते.

या सैल जोडणीचे ग्रंथांतून फार गुणगान झाले आहे. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नसल्यामुळे एकाला धक्का न लावता दुसरा बदलता येतो, नवा विभाग जुन्या कोडला हात न लावता पाहुण्यासारखा येऊन बसतो, हे सर्व खरेच आहे. परंतु ज्याला रात्री साडेअकरा वाजता हा कोड वाचून ‘पॉलिसी मंजूर झाल्यावर नेमके काय काय होते’ या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते, त्याला या गुणांची दुसरी बाजू दिसते. एका मेथडने दुसरीला सरळ नावाने बोलावलेले असते तर कळफलकाच्या एका टिचकीने तो तिथे पोहोचला असता. इथे मात्र इव्हेंट हवेत सोडून दिलेला असतो आणि त्या ओळीनंतर कोडमध्ये फक्त महिरपी कंस बंद होतो.

यापेक्षाही मोठा गैरसमज वेगाविषयी आहे. इव्हेंट म्हटले की तो आपोआप मागच्या मागे हाताळला जातो अशी नवशिक्यांची, आणि बऱ्याच जुन्याजाणत्यांचीही, प्रामाणिक समजूत असते. वस्तुस्थिती अशी की सीडीआयची मूळ ‘फायर’ ही मेथड संपूर्णपणे सिंक्रोनस आहे, म्हणजे ती इव्हेंट सोडते आणि शेवटच्या ऑब्झर्व्हरचे काम आटोपेपर्यंत तिथेच तिष्ठत उभी राहते. कोणाला आधी बोलवायचे हे ठरवण्यासाठी पुढे प्राधान्यक्रमांक आले, लहान आकडा आधी आणि काहीच न लिहिल्यास २५००. साहजिकच प्रत्येक विभागाने आपला आकडा खाली आणायला सुरुवात केली, आणि चढाओढीअंती सर्वांचाच क्रमांक १ असल्याचे आढळून येऊ लागले. शिवाय एखाद्या ऑब्झर्व्हरने एक्सेप्शन, म्हणजे ‘हे माझ्याने होत नाही’ अशी हाकाटी, फेकले तर पुढचे ऑब्झर्व्हर बोलावलेच जात नाहीत आणि ती हाकाटी थेट मूळ वार्ता देणाऱ्याच्या अंगावर येऊन आदळते. परिणामी एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर बंद पडला म्हणून रीतसर हप्ता भरलेली पॉलिसी नामंजूर होते, आणि ग्राहकाला ते कळवायला एसएमएसही जात नाही.

या दुःखावर सीडीआय २.० ने २०१७ मध्ये ‘फायर असिंक’ ही मेथड आणि तिच्या जोडीला ‘ऑब्झर्व्ह्ज असिंक’ हे अॅनोटेशन असा दुहेरी उपाय दिला. तो दुहेरी आहे ही गोष्ट मानकात स्वच्छ लिहिलेली आहे: ‘फायर’ने सोडलेला इव्हेंट फक्त सिंक्रोनस ऑब्झर्व्हर ऐकतात, ‘फायर असिंक’ने सोडलेला फक्त असिंक्रोनस, आणि या दोन बिरादऱ्यांत रोटीव्यवहार नाही. परंतु मानके वाचण्यासाठी नसून उद्धृत करण्यासाठी असतात. प्रणाली संथ झाल्याची तक्रार येते, हिंजवडीतील अथवा खराडीतील एखादा तडफदार अभियंता परदेशी ग्राहकाच्या सायंकाळच्या कॉलपूर्वी ‘फायर’च्या पुढे ‘असिंक’ हा शब्द जोडतो, कोड विनातक्रार कंपाइल होतो, सर्व चाचण्या हिरव्या दिसतात, आणि मंजुरीला पूर्वी जे चार सेकंद लागत ते पापणी लवायच्या आत उरकू लागते. कॉलवर अभिनंदन होते. वाढलेल्या वेगाचे कारण इतकेच असते की ऐकणाऱ्या बाजूचे अॅनोटेशन बदलायचे राहून गेल्याने एसएमएस, पीडीएफ, कमिशन आणि लेखापरीक्षण यांपैकी काहीही आता होत नसते. कंटेनरच्या दृष्टीने यात चूक काही नाही. इव्हेंट सुटला, ऐकणारे कोणी नव्हते, आणि ऐकणारे कोणी नसणे हा गुन्हा नव्हे. पहिली ओरड एजंटांकडून येते, कारण कमिशन थांबल्याचा शोध लावण्यात कोणतीही देखरेख-प्रणाली एजंटाचा हात धरू शकत नाही.

दोन्ही बाजूंची अॅनोटेशने जुळवली की खरी असिंक्रोनस हाताळणी सुरू होते, आणि तिच्याबरोबर तिचे खास प्रश्न. असिंक्रोनस म्हणजे सगळे ऑब्झर्व्हर एकाच वेळी निरनिराळ्या थ्रेडांवर, म्हणजे संगणकाच्या स्वतंत्र कार्यधारांवर, धावत सुटतात असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु वेल्ड या सीडीआयच्या संदर्भ-अंमलबजावणीत काही वेगळे सांगितले नाही तर ते सारे एकाच दुसऱ्या थ्रेडवर, एकामागून एक, जुन्याच शिस्तीत चालतात. वार्ता देणारा मोकळा झाला एवढाच फरक. ऑब्झर्व्हर खरोखर समांतर धावू लागले तर सर्वांच्या हाती इव्हेंटची तीच एक वस्तू असते, आणि एकजण तिच्यात फेरफार करीत असताना दुसरा ती वाचत असतो. म्हणून इव्हेंटची वस्तू एकदा घडवल्यावर न बदलणारी असावी, असा सल्ला जाणकार देतात.

असिंक्रोनस ऑब्झर्व्हरची ओळखीची अवस्थाही विलक्षण आहे. प्रत्येक वेब-विनंतीपुरती जी माहिती जपून ठेवलेली असते, म्हणजे ग्राहकाने निवडलेली भाषा, शाखेचा क्रमांक, माग काढण्यासाठी दिलेला संकेतांक, तिला रिक्वेस्ट स्कोप म्हणतात, आणि असिंक्रोनस ऑब्झर्व्हरला ती मिळत नाही. त्याच्यासाठी नवा, कोरा रिक्वेस्ट स्कोप उघडला जातो. सुरक्षेचा संदर्भ मात्र मानकानुसार तोच राहतो. म्हणजे ऑब्झर्व्हरला आपण कोणाच्या अधिकाराने आलो आहोत हे ठाऊक असते, पण कशासाठी आणि कुठून आलो हे आठवत नाही, आणि मराठीची निवड केलेल्या ग्राहकाला पॉलिसीची पीडीएफ इंग्रजीत जाते. व्यवहाराविषयीच्या पुढच्या अडचणीच्या मानाने ही अडचण किरकोळच म्हणावी लागेल.

डेटाबेसमधील अनेक बदल एकत्र बांधून, झाले तर सगळे नाहीतर एकही नाही, अशा रीतीने पार पाडण्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात, आणि शेवटी ते पक्के करण्याला कमिट. ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये पॉलिसीची नोंद झाली त्यातूनच, कमिट होण्यापूर्वी, ‘फायर असिंक’ झाले, तर ऑब्झर्व्हर वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये तत्परतेने कामाला लागतो, पॉलिसी क्रमांक घेऊन डेटाबेसकडे जातो, आणि अशी कोणतीही पॉलिसी नाही असे उत्तर मिळवून परततो. वार्ता देणारा आणि डेटाबेस दोघेही खरे बोलत असतात. विकासकाच्या लॅपटॉपवर हे कधी घडत नाही, चाचणीच्या सर्व्हरवर क्वचित घडते, आणि प्रॉडक्शनवर महिनाअखेरीस, म्हणजे गर्दीत, हमखास घडते. यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला घरगुती उपाय म्हणजे ऑब्झर्व्हरच्या पहिल्याच ओळीत ‘थ्रेड स्लीप २०००’ असे लिहिणे, म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी दोन सेकंद झोपणे. आणि पुढच्या वर्षी डेटा वाढल्यावर त्या दोन हजारांचे पाच हजार होतात, शेजारी ‘कृपया काढू नये’ अशी कॉमेंट येते, आणि कॉमेंट लिहिणारा तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

शास्त्रशुद्ध उपाय मानकात होताच. ऑब्झर्व्हरला ‘ट्रान्झॅक्शन यशस्वी झाल्यावरच कळवावे’ असे सांगता येते. अशा पाच अवस्था मानकाने नेमून दिल्या आहेत, त्यांत अपयशानंतरची अवस्थाही आहे. मात्र ही सवलत फक्त सिंक्रोनस ऑब्झर्व्हरांना आहे. त्यामुळे सुज्ञ मंडळी एक सिंक्रोनस ऑब्झर्व्हर यशानंतरच्या अवस्थेला जोडतात, आणि त्याच्या पोटातून दुसरा इव्हेंट असिंक्रोनस रीतीने सोडतात. हे योग्यच आहे. त्याबरोबर, पॉलिसी मंजूर झाल्याची वार्ता देणारी एक वार्ता आणि त्या वार्तेची वार्ता ऐकणारा एक ऑब्झर्व्हर एवढी प्रगती होते, व कोड वाचणाऱ्याची रात्रीची वेळ साडेअकरावरून साडेबारावर जाते.

हाकाटीचे काय होते, हा भाग सर्वांत मनोरंजक. ‘फायर असिंक’ वार्ता देणाऱ्याच्या हाती कंप्लीशन स्टेज नावाची एक पावती ठेवते. सर्व ऑब्झर्व्हरांचे काम झाले की ती पावती पुरी होते, आणि कोणी एक्सेप्शने फेकली असतील तर ती सगळी एकत्र बांधून त्याच पावतीवर नोंदवली जातात. एकाच्या अपयशाने दुसऱ्याचे काम अडत नाही, ही पूर्वीपेक्षा स्पष्ट सुधारणा. फक्त ती पावती कोणीतरी उलगडून पाहावी लागते. प्रत्यक्षात ‘फायर असिंक’ची ओळ लिहून अर्धविराम दिला जातो आणि पावती कोणत्याही चलात न साठवता तिथेच टाकून दिली जाते, मग कमिशनच्या गणितात शून्याने भागाकार झाला तरी त्याचा उच्चार कुठेही होत नाही. प्रणाली चालू असते, डॅशबोर्ड हिरवा असतो, आणि जे झाले नाही ते झाले नाही असे सांगण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती तो वाट न पाहता निघून गेलेला असतो. दोष मानकाचा नाही. वार्ता देणाऱ्याला परिणामाच्या काळजीतून मोकळे करणारी सोय हाती आली की परिणामाची काळजी हे कोणाचेच काम उरत नाही, आणि कचेरीत काम केलेल्या कोणालाही हे सांगावे लागू नये.

शेवटची गोष्ट सर्व्हर बंद होण्याची. हे इव्हेंट केवळ संगणकाच्या स्मृतीत जगतात. कागदावर, डिस्कवर, कुठेही त्यांची नोंद नसते. शुक्रवारी संध्याकाळी नवी आवृत्ती चढवताना सर्व्हर पुन्हा सुरू केला की त्या क्षणी वाटेत असलेल्या वार्ता विरून जातात. त्यानंतरच्या बैठकीत संदेश टिकवून ठेवणारी व्यवस्था हवी असे ठरते आणि बहुधा काफ्का हे नाव पुढे येते. लिंक्डइनमध्ये तयार होऊन २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ही प्रणाली लेखनासाठी, म्हणजे नोंदी लिहून घेण्यासाठी, बेतलेली असल्याने तिच्या निर्मात्यांपैकी जे क्रेप्स यांनी तिला आपल्या आवडत्या लेखकाचे नाव दिले. फ्रान्झ काफ्का प्रागमध्ये अनेक वर्षे कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरीला होता, त्यामुळे विमा कंपनीच्या प्रणालीत त्याचा पुनर्प्रवेश गैर मानता येणार नाही. काफ्काची स्थापना पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात धरली जाते, आणि तोवर आरसीए लिहिण्याचे काम उरते.

आरसीए म्हणजे बिघाडाचे मूळ कारण शोधून त्यावर उपाय सुचवणारे टिपण. ते सविस्तर असते, त्यात बाण आणि चौकोन असतात, कोणाचेही नाव नसते, आणि ‘संवादातील त्रुटी’ हे मूळ कारण ठरते. उपाय म्हणून असे ठरते की यापुढे कोणताही असिंक्रोनस ऑब्झर्व्हर अपयशी ठरल्यास त्या अपयशाचा एक स्वतंत्र इव्हेंट सोडावा, मूळ कामाचा वेग कमी होऊ नये म्हणून तोही ‘फायर असिंक’ने सोडावा, आणि तो ऐकून सपोर्टच्या चमूला ईमेल करणारा एक नवा ऑब्झर्व्हर लिहावा. ऑब्झर्व्हर लिहिला जातो, जुन्या एका ऑब्झर्व्हरची प्रत काढून आणि नाव बदलून. तेव्हापासून सपोर्टकडे अपयशाचा एकही ईमेल आलेला नसतो. तिमाही अहवालात ही बाब स्वतंत्र परिच्छेदात, आलेखासह, नमूद होते. ज्या जुन्या ऑब्झर्व्हरची प्रत काढली त्याच्या पॅरामीटरवर दोहोंपैकी कोणते अॅनोटेशन होते, ते अद्याप कोणी उघडून पाहिलेले नसते.